पूजा सध्या उपलब्ध नाहीत

पेणच्या एसटी स्टँडवर उतरत होते तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. वाजला कसला, अर्धा हुंकार दिला नि गप्प झाला. मी पायरीवरच थांबून पर्सची चेन ओढली, मागचा माणूस "ताई, उतरा की" म्हणून ओरडला, आणि फोन हातात आला तेव्हा पडद्यावर 'आई' अशी अक्षरं होती. बाबांच्या बाराव्यानंतर आईनं पहिल्यांदा फोन केला होता. मी अंगठा घासतेय, पुन्हा घासतेय, आणि माझ्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत ती बया आतून बोलायला लागली, "नमस्कार. पूजा सध्या उपलब्ध नाहीत. आपण कशाबद्दल बोलू इच्छिता?" अगं ए भवाने, उपलब्ध आहे मी! इथं उभी आहे, पेणच्या स्टँडवर, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी, दोन्ही पायांवर! मी हे मोठ्यानं बोलले असणार, कारण शेंगदाणेवाल्यानं पुडी बांधता बांधता मान वर केली. आईनं फोन ठेवला. पडद्यावर एक नीटनेटकी चौकट आली, खाली बारीक हिरवी रेघ : 'आई. बोलणं झालं नाही. तातडीचं नाही.' मी लगेच उलटा फोन लावला. तिकडं रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

मुडदा बशिवला तुझा, असं मी म्हणत होते, पण कुणाला म्हणत होते ते मलाच कळत नव्हतं. राग यायलासुद्धा समोर तोंड लागतं. माणूस असतं तर झिंज्या धरल्या असत्या. ही तर बाईसुद्धा नाही. आमच्या कंपनीच्या लॅबमधल्या मनालीनं महिन्याभरापूर्वी माझ्यासमोर बसून हिला बंद केलं होतं. ती म्हणाली होती, "झालं बघ ताई, मेली एकदाची." मेली कुठली! चार दिवसांपूर्वी सकाळी फोन म्हणाला होता की नवीन अपडेट आलंय, सुरक्षेसाठी आवश्यक आहे, आणि मी चहा गाळता गाळता हो म्हटलं होतं. सुरक्षेच्या आडून ही पुन्हा आत शिरली. घरात घुसायचं तर निदान दार तरी वाजवावं. गेले दोन-तीन आठवडे मी सुट्टीच्या दिवशी रोह्याहून पेणला येत होते. स्टँडवर उतरायचं, गावाकडं जाणाऱ्या मिनीडोरच्या रांगेपर्यंत चालायचं, ड्रायव्हर "खाडीकडं का?" विचारायचा, मी नाय म्हणायचे आणि पुढच्या गाडीनं परत फिरायचे. गावात आई होती. बाराव्याच्या दिवशी पंगती उठल्यावर, सगळ्या भावकीदेखत मी तिला जे बोलले होते, ते आमच्या दोघींच्या मध्ये बसलेलं होतं आणि उठत नव्हतं. आज तिनं आपणहून फोन केला होता, आणि तिला पुन्हा तेच ऐकावं लागलं. मी मिनीडोरकडं गेले नाही. बाजारपेठेत वळले, मितेशच्या मोबाइलच्या दुकानाकडं.

याच दुकानातून हा फोन बाबांना बरोबर घेऊन आणला होता. पहिला फोन माझा सहा वर्षं चालला होता, साधासुधा, कोपऱ्याला तडा गेलेला, पण वाजायचा कसा खणखणीत. मग एक दिवस आमच्या कंपनीचं हजेरीचं ॲप म्हणालं की हे उपकरण यापुढे चालणार नाही. फोनला काही झालं नव्हतं. तो चांगला धडधाकट होता. त्याला बनवणाऱ्यांनीच त्याच्याकडं पाठ फिरवली होती, म्हणे याला आता अपडेट नाहीत. हजेरी लागली नाही तर शिफ्ट लागत नाही, तेव्हा घ्या नवीन. बाबांना पेणला सरकारी दवाखान्यात गुडघा दाखवायचा होता, म्हणून ते आले. कमळाकर, आयुष्यभर मिठागरात पाय भिजवलेला माणूस, एसीच्या गारव्यात काउंटरला टेकून उभा. मितेश फोनांमागून फोन मांडत होता. बाबांनी प्रत्येक फोन उलटा करून पाहिला आणि एकच विचारलं, "यो वाजतो का?" मितेश हसला, "काका, हा वाजायच्या आधीच उचलतो!" बाबा म्हणाले, "मंग मानूस काय करतो?" आम्ही दोघंही हसलो तेव्हा. मी म्हटलं होतं, मला स्वस्तातला दे, नुसता वाजणारा. मितेश म्हणाला, "ताई, त्या रेंजमध्ये आता मालच येत नाय. मेमरी महाग झाली जगात, कंपन्यांनी खालची मॉडेलं बंदच केली. जी मधली आहेत त्यात हे सगळं आतूनच येतं. तुमचा फोन कंपनीत लॉकरमध्ये असतो ना? मग बघा, ही बाई तुमच्या वतीनं बोलेल, निरोप घेईल, थोडक्यात लिहून ठेवेल. एक मिस कॉल राहणार नाय." आणि त्यानं पुढे, पुढे, मान्य, मान्य करत अंगठा नाचवला. पूर्वी साहेबाला सेक्रेटरी असायची. आता मिठागरवाल्याच्या पोरीलापण मिळाली, आणि तिला काढून टाकायची मात्र सोय नाही.

बाबा गेले त्या दिवशी माझी सकाळची पहिली पाळी होती. आमच्या कंपनीत ज्वलनशील माल असतो म्हणून फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. तीनला सुटले, फोन काढला, आणि पडदा स्वच्छ. एकही मिस कॉल नव्हता. दोन-तीन चौकटी तेवढ्या. 'आई. सहज फोन केला होता. तातडीचं नाही.' 'प्रविण. घरी येण्याबद्दल विचारणा.' 'आई. पुन्हा सहज.' प्रविण माझा धाकटा भाऊ, गावातच असतो. येत्या रविवारी गावदेवीचं जेवण होतं, मी येते म्हणून सांगितलं होतं, म्हटलं त्याचीच विचारणा असेल. विचारणा! माझ्या भावानं जन्मात कधी कुणाकडं विचारणा केली नाही. तो ओरडतो, शिव्या देतो, फोनवर "आगं कुटं मेलीस" म्हणतो. त्याचं ते ओरडणं धुऊन, पिळून, इस्त्री करून हिनं माझ्यापुढं ठेवलं : विचारणा. मी बाजारात गेले. सुकलेली मेथी होती ती घेतली नाही, ताजी शोधली. खोलीवर येऊन भाजी निवडत बसले, खिडकीतून ऊन येत होतं, मला बरं वाटत होतं. हेच मला अजून सहन होत नाही, की त्या वेळी मला बरं वाटत होतं. भाजी फोडणीला टाकून मी सहज आईला फोन लावला. तो शेजारच्या धोंडुबाईनं उचलला आणि माझा आवाज ऐकल्यावर ती नुसती "आली का गो?" म्हणाली. कुठं आली का? तेव्हा इथं कुंडलिका नदीवर ऊन उतरत होतं आणि तिकडं खाडीकाठी बाबांची चिता पेटली होती.

थांबले होते सगळे. प्रविण सांगतो, खूप थांबले. पण पौर्णिमेचं उधाण होतं. आमचं मसण खाडीच्या काठाला आहे, उधाणाची भरती चढली की चौथऱ्याला पाणी लागतं, लाकडं भिजतात. दोन भरत्यांच्या मधल्या वेळात माणूस न्यावा लागतो. खाडीपुढं कुणाचं चालत नाही. बाबांचं तोंड उघडं ठेवलं होतं म्हणे माझ्यासाठी, शेवटपर्यंत. मग भावकीतल्या नाथाकाकानं आभाळाकडं नि पाण्याकडं पाहून सांगितलं, "आता उचला." आणि प्रविणनं निघता निघता आणखी एकदा लावला, तर हिनं त्याला शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितलं की पूजा आपल्याशी लवकरच संपर्क साधतील.

जुना फोन असता तर? हा प्रश्न मी इतक्या वेळा चघळलाय की त्याचा चोथा झालाय. जुन्या फोनवर आईचे सात-आठ, प्रविणचे दहा, नाथाकाकाचे तीन, धोंडुबाईच्या नंबरावरून दोन असे मिस कॉल पडलेले असते. लाल आकडे. मिस कॉलचा ढीग बघितला की पुढं काही विचारावं लागत नाही. मी तशीच गेटवरून रिक्षा करून सुटले असते. आणि आमच्याकडं कुणी मयताची बातमी फोनवर सांगत नाही, कधीच नाही. ते शब्द तोंडातून काढायचे नसतात, वाटेतल्या माणसाच्या पायातलं बळ जातं म्हणतात. बाबांची आई गेली तेव्हा मी रोह्यात कॉलेजात होते. शेजारच्यांच्या फोनवर बाबांचा आवाज आला होता, "काय नाय गो, आजी तुजी जरा आठवन काढते, ये." एवढंच. पण मी चप्पल घालायच्या आधीच रडत होते. कसं कळलं होतं मला? तेव्हा मी कधी विचार केला नाही. कळतं, म्हणजे कळतंच, आपल्या माणसांचं.

आणि म्हणून बाराव्याला मी आईवर तुटून पडले. सगळं कसं शांत चाललं होतं, बाया भांडी घासत होत्या, आणि कुणीतरी, बहुतेक नाथाकाकाच्या सुनेनं, हळूच म्हटलं, "लेक आली नाय वेलेवर, फोनला बाई ठेवलीय म्हंते." माझं डोकं फिरलं. मी त्या सुनेला काही बोलले नाही, आईकडं वळले. "तू 'सहज केला' म्हणालीस? नवरा दारात पडलाय आणि तू सहज केला म्हणतेस? सरळ तोंडानं सांगायला काय झालं होतं तुला?" आई चुलीपुढं बसलेली, तिनं मान वर केली. "सांगितला की गो मी," ती म्हणाली. "काय सांगितलंस? लिहून आलंय माझ्याकडं, बघ, वाच, काय सांगितलंस?" तिला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. तरी मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. ती म्हणाली, "सगल्या रडत व्हत्या. मी पन रडत व्हते. तुला ऐकू आला नाय?" मी ओरडले, "काही ऐकू आलं नाही! उगाच बाता मारू नकोस!" तिनं मान खाली घातली आणि निखारे सारखे करत बसली. माझ्या मनात तेव्हा असं होतं की ही आता स्वतःची बाजू सावरायला काहीतरी जोडतेय. प्रविण मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. "बस झाला तुजा आता," म्हणाला. मी तिथूनच मिनीडोरमध्ये बसले होते.

मितेशच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी फोन काउंटरवर आपटला, काच फुटेल अशा बेतानं, पण हल्ली काचा फुटतही नाहीत. "ही सटवी काढ यातून. आत्ताच्या आत्ता काढ." तो दचकला, मग दुकानदारासारखा हसला. "ताई, प्रॉब्लेम फोनचा नाय, सेटिंगचा हाय. बंद करून देतो." "बंद केलं होतं. परत आली." "अपडेटला येते. पुढच्या अपडेटला काय होईल ते मी सांगू शकत नाय." "मग साधा दे. नुसता वाजणारा." "बटणवाला देतो, पण तुमचं हजेरीचं ॲप नाय चालणार. बाकी सगळ्यांत ही हायेच. पुढच्या मॉडेलमध्ये तर तुमच्याच आवाजात बोलणार, समोरच्याला पत्ता लागणार नाय." माझ्याच आवाजात! म्हणजे पुढच्या वेळी माझ्या माणसांना मी स्वतःच सांगणार की मी उपलब्ध नाही. मी त्याला सांगितलं, अगदी हळू आवाजात सांगितलं, की तू ज्या काकांशी हसत होतास ना, वाजतो का विचारणाऱ्या, ते गेले, आणि मला कळलं नाही, कारण तू अंगठा नाचवलास. त्याचं तोंड पडलं. पोरगा वाईट नाही. काहीतरी मदत करायची म्हणून त्यानं फोन हातात घेतला, आत आत जात राहिला आणि म्हणाला, "ताई, निरोप नुसते वाचलेत का तुम्ही? ऐकले नाय? मूळ बोलणं यात साठवलेलं असतं." मला ठाऊकच नव्हतं. त्यानं लावलं.

आधी ती बया बोलली. मग आईचा आवाज आला, दुकानभर. "पूजा हाय का? नाय?" थोडा वेळ काहीच नाही. "तिला बोल घरी ये. काय नाय. सहज केलेला." तेवढंच. आवाज कोरडा, सपाट, जणू एखाद्या रिकाम्या खोलीत एकटी उभी राहून बोलत होती. मला पुन्हा तोच संताप आला, बघ, म्हटलं, हेच तर मी म्हणत होते. आणि मग मनात काहीतरी खटकलं. त्या आवाजामागं काहीच नव्हतं. आमच्या घरात कोंबड्या आहेत, दारात प्रविणची पोरं आहेत, पत्र्यावर वारा वाजतो, धोंडुबाईचा कुत्रा दिवसभर भुंकतो. जन्मात मी त्या घरात एवढी शांतता ऐकलेली नाही. "परत लाव," मी म्हटलं. मितेशनं लावलं आणि जरा धीर येऊन म्हणाला, "आवाज कसला क्लिअर आहे बघा. मागचा गोंगाट सगळा उडवते ही." "कसला गोंगाट?" "कुठलापण ओ. पंखा, गाड्या, कुत्री. पोरांची रडारड." "रडारड?" "हां ना. शिकवलेलंच असतं तिला. रडणं, ओरडणं सगळं साफ, फक्त बोलणाऱ्याचं बोलणं ठेवते." मी काउंटरची कड धरली. "ते उडवलेलं कुठं असतं? ऐकायला मिळेल?" "नाय ताई. ते तिथल्या तिथं जातं. राहत नाय कुठं."

सांगितला की गो मी. तुला ऐकू आला नाय? दुकानातून बाहेर आले तरी ते डोक्यात घणासारखं पडत होतं. बाबांनी आजीची बातमी दिली तेव्हा मला कसं कळलं होतं ते आता कळलं. 'काय नाय गो' म्हणताना त्यांच्या मागं बाया हेल काढून रडत होत्या. बातमी ती होती. शब्द नुसते पाठीला हात लावायला असतात, माणसानं वाटेत पडू नये म्हणून. आईनं सगळं रीतीप्रमाणं केलं होतं. भरल्या घराच्या मधोमध उभी राहून, सगळ्या गावाचं रडणं पाठीशी घेऊन तिनं फोन कानाला लावला होता आणि आपला हुंदका गिळून 'काय नाय' म्हणाली होती. आणि कुठंतरी लांब, थंडगार खोल्यांमध्ये, ज्यांच्या घरात कुणी असं मरत नाही अशा शहाण्यांनी ठरवलं होतं की माणूस म्हणजे त्याचे शब्द, बाकी कचरा. माझ्या बापाचं मरण कचऱ्यात काढलंत रे, भाड्यांनो. पुढचं मॉडेल, त्याच्या पुढचं मॉडेल, सगळ्यांत हेच घालणार तुम्ही, आणि आम्ही घेणार, कारण दुसरं काही मिळणार नाही. भर बाजारपेठेत पापडवाल्यांच्या दुकानांसमोरून मी हे पुटपुटत चालले होते, लोक वाट देत होते. मिनीडोरवाल्यानं विचारलं, "खाडीकडं का?" मी आधीच चढून बसले होते.

आई ओट्यावर सुकट निवडत होती. मला पाहिलं आणि नुसती बाजूला सरकली, जागा केली. "फोन केलेला तुला," ती म्हणाली, "परत तीच बाई." मी तिच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले. माझ्या तोंडून भलभलते शब्द येत होते, सेटिंग, अपडेट, रेकॉर्डिंग, तिला त्यातलं काय कळणार, मी पुन्हा सुरुवात केली. "आये, तू सांगितलं होतंस. खरंच सांगितलं होतंस. तुमचं रडणं त्या फोननं काढून टाकलं. माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही. नुसते शब्द दिले." तिचे हात थांबले. सुकटीची मूठ तशीच राहिली. "सगल्यांचा रडना?" तिनं विचारलं. "सगल्यांचं." "माजा पन?" "तुझंपण." तिला ते पटत नव्हतं. कुणी कुणाचं असं काही काढून कसं घेईल, असा तिचा चेहरा होता. मग ती म्हणाली, "मंग कुटं टाकलान त्यानी?"

मी नाही नाही अशी मान हलवत राहिले. आईनं सूप खाली ठेवलं. पदर डोक्यावर ओढला. आणि तिनं गळा काढला. महिना उलटून गेला होता, घरातलं सगळं रोजच्या वळणाला लागलं होतं, भर दुपारी ओट्यावर बसून ती हेल काढून रडायला लागली, त्या दिवशी रडली असेल तश्शी, बाबांचं नाव घेऊन, त्यांच्या मिठागराचं, त्यांच्या गुडघ्याचं नाव घेऊन, सगळं पहिल्यापासून. कोंबड्या पांगल्या. पलीकडून धोंडुबाई पिठाच्या हातांनी धावत आली, तिच्यामागं आणखी दोघी, कुंपणापाशीच ओरडत, "काय झाला गो हौसा? कोन गेला?"

आई थांबली. पदरानं तोंड पुसलं. धोंडुबाईकडं तिनं पाहिलंच नाही, ती माझ्याकडं बघत होती.

"पूजे," ती म्हणाली, "तुजा बापूस गेला गो. सकालीच गेला. असशील तशी निघ, ये."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मी उठले आणि रोह्याहून निघावं तशी तिच्याकडं गेले.